बी टाईप केलं आणि बेंगलोर आलं

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. सगळ्यांचं लॉगिन एकच, पासवर्ड म्हणजे जुन्या स्कूटरचा नंबर, तो शेजारच्या काकूंनाही माहितीय.

तर झालं असं की मला बेंगलोरची ऑफर आली होती, फायनल होईपर्यंत घरी सांगायचं नव्हतं, आणि मी आपली रोज रात्री तिकडचे पीजी शोधत बसायचे. एका रविवारी बाबा बँकेची साईट उघडायला बसले, ते एका बोटाने टाईप करतात, बी दाबलं आणि पुढचं अक्षर शोधेपर्यंत अ‍ॅड्रेस बारमध्ये आख्खं 'बेंगलोर पीजी फॉर लेडीज' येऊन उभं! मी मागे सोफ्यावर. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला, ए दाबलं. बोलले काहीच नाहीत.

क्रोम हिस्टरी 90 दिवस धरून ठेवतं. नको ते सजेशन आलं की बाणाने त्याच्यावर जायचं आणि शिफ्ट डिलीट दाबायचं, तेवढं एकच उडतं. हे मला त्या रात्री कळलं, म्हणजे वरातीमागून घोडं.

मग इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची हिस्टरी न ठेवणारी विंडो, सुरू केलं, कंट्रोल शिफ्ट एन. वाटलं जिंकलो. पण त्यात हिस्टरी आणि कुकीज (साईट्सनी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या खुणा) तेवढ्या पुसल्या जातात, त्याही सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद केल्यावरच, डाउनलोड केलेली फाईल मात्र तिथेच राहते. आई लाईट बिलाची पीडीएफ शोधायला डाउनलोड्समध्ये गेली, तर वर माझं रेंट अ‍ॅग्रीमेंट. "हे कुणाचं गं?" "मैत्रिणीचं." (बाय द वे, इन्कॉग्निटोमधल्या ट्रॅकिंगवरून गूगलवर अमेरिकेत 2020 मध्ये केस झाली होती, 2024 मध्ये तडजोड होऊन त्यांनी अब्जावधी रेकॉर्ड्स नष्ट करायचं कबूल केलं. ऑफिसच्या नेटवर तर साईट कुठली उघडली ते आयटीवाल्यांना तसंही दिसू शकतं.)

क्रोममध्ये वेगळं प्रोफाईल पण करून बघितलं, पण त्याला कुलूपच नाही, कुणीही क्लिक करून आत. शेवटी विंडोजच्या सेटिंगमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन माझा वेगळा यूजर केला, स्वतःचा पासवर्ड, उठताना विंडोज एल दाबून स्क्रीन लॉक. दहा मिनिटांचं काम, आधी का नाही केलं देव जाणे. अ‍ॅडमिन अकाउंट बाबांचंच आहे, म्हणजे मनात आणलं तर ते माझं फोल्डर उघडू शकतात, पण आमच्या घरात तेवढं कुणी करणार नाही. फोन आला तर विंडोज एल दाबायला विसरायचं नाही एवढंच, मी दोनदा विसरलेय.

ऑफर लेटर आलं त्या रात्री जेवताना सांगितलं. आई रडायच्या बेतात. बाबांनी आमटी वाढून घेतली आणि विचारलं, "तो पीजी जेवण धरून केवढ्याला पडतो?"