शिवडीत स्टीव्हन्सला शोधताना

ऑक्टोबरच्या उन्हात दफनभूमीत फिरायला चाललोय म्हटल्यावर आई म्हणाली, "पितृपक्ष संपला की रे!" पण मला बरीच वर्षं एक रुखरुख होती. ज्या व्हीटीतून (मी अजून व्हीटीच म्हणतो) रोज धावतपळत बाहेर पडतो, तिचा आराखडा करणारा फ्रेडरिक स्टीव्हन्स शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. आणि शिवडी तर माझ्याच हार्बर लाइनवर.

पहिली खेप फुकट गेली. चूक माझीच. ऑफिसात नुसतं आडनाव सांगितलं. रजिस्टरवाल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "साल? तारीख?" इथे दीडशे वर्षांची माणसं आहेत, आडनावावर कोण सापडणार! मग नुसताच भटकलो. पावसाने गुडघाभर गवत माजलेलं, झाडं दाट. पूर्वी इथे बागच होती. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड यांनी, तेच मार्केटवाले, ती दफनभूमीसाठी घेतली. डासांनी फोडून काढलं. घरी येऊन साल शोधलं तर कळलं, स्टीव्हन्स १९०० साली मलेरियानेच गेला होता. गप्प बसून ओडोमॉस विकत आणलं.

दुसऱ्यांदा मुद्दाम २ नोव्हेंबरला गेलो, ऑल सोल्स डेला. फाटकाबाहेर झेंडू आणि मेणबत्त्यांचे ढीग, आत बायका कबरी धुताहेत. इथे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारा जॉर्ज विटेट आहे, टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टाही आहेत. मी मात्र सगळ्यात जास्त रेंगाळलो भिंतीतल्या कोनाड्यांपाशी. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी कोनाड्यात ठेवतात. मुंबईत मेल्यावरही माणूस मोठ्या जागेतून लहान जागेत जातो.

या वेळी तारीख चिठ्ठीवर लिहून नेली होती. तरी तासभर गेला. दगडावरचं नाव वाचत उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या कबरीवर फुलं वाहणाऱ्या मावशींनी विचारलं, "तुमचे कोण?"

"कोणी नाही. व्हीटी स्टेशन यांचं."

"अगोबाई!" पुड्यातली एक मेणबत्ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "लावा मग. वारा आहे, हाताचा आडोसा धरा."