तुम्ही विचारलंत म्हणून: बाईनं सांगितलेली पूजा चालते का?

पुरुष हे दिवाणखान्यात, चारचौघांत विचारतात. बायका स्वयंपाकघरात गाठतात आणि त्यांना विचारायचं असतं वेगळंच. त्याकडे नंतर येते.

चालते का? अहो, पुण्यात चालून एक पिढी उलटली. सत्तरच्या दशकात मामा थत्त्यांनी शंकर सेवा समितीतून बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं. पुढे ज्ञान प्रबोधिनीनं जात न विचारता स्त्री-पुरुष दोघांनाही शिकवलं. त्याच्या कितीतरी आधी, स्वातंत्र्यापूर्वी, शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्यास्थानात, म्हणजे मुलींच्या आश्रमात, कन्या वेदमंत्र म्हणत होत्या. कायद्याचं म्हणाल, तर 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7मध्ये सप्तपदी आहे. ती सांगणारा बाप्याच हवा, असं त्यात कुठेही नाही.

पण समतेच्या प्रेमापोटी आम्हाला पाट मिळाला असं मला वाटत नाही. गुरुजींची मुलं इंजिनियर झाली, श्रावणात गुरुजी मिळेनात, मिळाले तर तासाभरात पुढच्या घरी पळायचे. आम्ही वेळेवर जातो, मंत्राचा अर्थ सांगतो, म्हणून बोलावणी येतात. (दक्षिणा मात्र 'ताई, तुम्हाला काय, आवड म्हणून करता' म्हणत कमी करायला बघतात. मी करत नाही.)

खरी अडचण माझ्या पाटाची नसतेच, यजमानांच्या पाटाची असते. एका लग्नात वधूची आई विधवा. विधींना काका-काकू बसणार, असं परस्पर ठरलेलं. आई कुठे, तर रुखवताच्या खोलीत. मी बोलावून घेतलं. काकू म्हणाल्या, "अहो पण, त्यांना कसं..." मी म्हटलं, "मुलगी त्यांची आहे ना?" बाई बसल्या. संकल्प सुरू झाला, तसा त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला सरकला. नवऱ्याच्या हाताला हात लावून बसायची वर्षानुवर्षांची सवय. बाजूला कुणीच नव्हतं. मी पळी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "आता पाणी तुम्हीच सोडायचं." काकू जेवणापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

सत्यनारायणाला आता कुणी हरकत घेत नाही. अंत्यविधीला बाई उभी राहिली की अजून कुजबुज होते. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे तिरडीपुढचं विस्तवाचं मडकं, धरलं ते 1890 साली, आणि तेही याच पुण्यात!

आता तो स्वयंपाकघरातला प्रश्न. आवाज खाली आणून विचारतात, "ताई, अडचण असली की काय करता?" माझी थांबून बरीच वर्षं झाली, पण त्याआधीही मी जायचे. यजमानांना सांगायचे नाही, कारण कुठलेच गुरुजी तब्येतीचा तपशील देऊन पूजेला बसत नाहीत. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना एवढंच सांगते, पोट दुखत असेल तर घरी थांबा, नाहीतर या.

हे ऐकून बहुतेकजणी ओट्याकडे वळतात, काहीतरी पुसतात आणि मग म्हणतात, "म्हणजे मी गौरी बसवल्या तर चालेल?"

बसवा. सासूबाईंना काय सांगायचं, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.