तुम्ही विचारलंत म्हणून: तात्यांनी सगळ्यांना १ जूनच का लिहिला?

गावाकडचं लग्न असो की यात्रा, 'ही गुरुजींची नात' अशी ओळख झाली की पाठोपाठ प्रश्न येतोच. "काय गं, तुझ्या तात्यांनी आमच्या अख्ख्या वाडीला १ जून हीच जन्मतारीख कशी काय लिहून ठेवली?" विचारणारा साठीच्या आसपासचा असतो आणि त्याच्या आधार कार्डावर अर्थातच १ जून असतो. हल्ली त्यांची मुंबईतली मुलंही विचारतात, कारण त्या दिवशी एकाच घरात तिघातिघांना शुभेच्छा द्याव्या लागतात. तेव्हा एकदाच नीट सांगते.

तात्या म्हणजे माझे आजोबा. फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास होऊन प्राथमिक शिक्षक म्हणून लागले तेव्हा शाळा स्कूल बोर्डाच्या होत्या. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि तात्या जिल्हा परिषदेचे गुरुजी झाले. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर. शाळा बहुतेक एकशिक्षकी. चार इयत्ता, एक खोली, आणि मुख्याध्यापक, कारकून, शिपाई सगळं तेच. त्यामुळे दाखल-खारीजचं रजिस्टरही त्यांच्याच हातात.

या रजिस्टरात जी जन्मतारीख पडेल ती जन्माला पुरते. तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच दहावीच्या सर्टिफिकेटवर, तीच नोकरीत आणि तीच पेन्शनच्या कागदावर. एकदा शाईनं लिहिलं की वरिष्ठांच्या परवानगीशिवाय खाडाखोड नाही. आणि लिहायचं तरी कशावरून? बाळंतपणं घरात, सुईणीच्या हातून. पोर झालं म्हणून नोंद करायला भर पावसात डोंगर कोण उतरणार?

मग तेव्हाचे बहुतेक गुरुजी काय करायचे, हे जुन्या माणसांना माहीत आहे. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचा. कान हाती लागला की पोरगं पहिलीत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून तारीख १ जून, आणि साल असं टाकायचं की वय बरोबर भरेल. हे काही आमच्या वाडीपुरतं नाही, महाराष्ट्रभर झालंय. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून तर ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांत शाल-श्रीफळांचा ढीग पडतो.

पण तात्यांचं काम कानावर भागायचं नाही. ते आईला बसवून घ्यायचे. आजी हे नकलेसकट सांगायची.

"भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?"

"आधीचा की. भूकंप झाला तवा पाळण्यात होता. गोठ्याची भिंत पडली, म्हस ओरडाय लागली, मी ह्याला घिऊन अंगणात."

"पाळण्यात म्हणजे पालथा पडत होता का रांगत होता?"

"रांगतंय कुठलं! नुकता पालथा पडत हुता."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. पालथं पडतं म्हणजे चार-पाच महिन्यांचं मूल. म्हणजे जुलै-ऑगस्ट. मग पुढचा प्रश्न, भातलावणी उरकली होती का? बैलांचा बेंदूर सण झाला होता का? असं करत करत ते आठवड्यापर्यंत यायचे. यासाठी त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. डावीकडे घटना, उजवीकडे तारीख. 'पानशेत फुटले, १२ जुलै १९६१' आणि त्याच्याच खाली कुणाची तरी म्हैस दरडीखाली गेली ती तारीख. वाडीच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच कामाच्या.

एवढी चौकशी करून रजिस्टरात मात्र पुष्कळांना १ जूनच. का, तर खरी तारीख लिहिली की पोर काही महिन्यांनी कमी पडायचं आणि पहिलीचं वर्ष हुकायचं. मुलगा असेल तर पुढच्या जूनला यायचा तरी. मुलगी यायची नाही. तोवर तिच्या कडेवर धाकटं भावंड आलेलं असायचं. म्हणून मुलींच्या नावापुढे तर त्यांनी डोळे झाकून १ जून लिहिलाय. खरी तारीख गेली वहीत. नियमानं चूकच, पण तात्यांना नियमाचं प्रेम एका मर्यादेपर्यंतच होतं.

यावर रागावलेलेही आहेत. "गुरुजींनी वय वाढवलं, वर्षभर आधी घरी बसलो," असं एस.टी.तून निवृत्त झालेल्या एकांनी मला तोंडावर सांगितलं. त्यांची तक्रार खोटी नाही. वर्षाचा पगार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. तात्यांकडे असं कुणी आलं की ते म्हणायचे, "भरतीच्या वेळी वय भरलं तेव्हा नाही रे आलास!" आणि चहा टाकायला सांगायचे.

त्यांचा स्वतःचाही १ जूनच, त्यांच्या गुरुजींनी दिलेला. खरा जन्म आषाढातला, एकादशीच्या आगेमागे. त्यामुळे १९९४ला मे महिन्यातच घरी बसले, हक्काचा महिन्याभराचा पगार सोडून. आम्ही त्यांचा वाढदिवस आषाढी एकादशीला करायचो, म्हणजे केकऐवजी साबुदाण्याची खिचडी आणि वर त्यांचाच उपास.

निवृत्तीनंतर वहीची मागची पानं आम्हा नातवंडांना मिळाली. आमचे जन्म दवाखान्यातले, तारखेचा घोळ नाही, तरी त्यांना सगळं लिहून हवं असायचं. माझ्या पानावर 'पहिला दात, खालचा, सकाळी दूध पिताना लागला' असं आहे. भावाच्या पानावर 'आज र नीट म्हणाला, चार वेळा म्हणवून घेतले' आणि पुढे कंसात 'चौथ्यांदा रडला'. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले की मला सोबत न्यायचे आणि एस.टी.त औटकी म्हणवून घ्यायचे. साडेतीनचा पाढा कॉलेजात गेलेल्या पोरीकडून, भर गाडीत! कंडक्टर त्यांचाच विद्यार्थी असला तर तोही सुरात सूर मिसळायचा.

आता दुसरा प्रश्न, जो याच्या मागोमाग येतो: ती वही कुठाय? माझ्याकडे आहे. सरकारी कामाला तिचा काडीचा उपयोग नाही, तारीख बदलून घ्यायला ती पुरावा म्हणून धरत नाहीत, तेव्हा त्यासाठी खेटे घालू नका. नुसती स्वतःची खरी तारीख बघायची असेल तर दिवाळीत वाडीला या, दाखवते. फक्त आपापलीच बघायची. फोटो काढून कुणालाही पाठवणार नाही, कारण त्यात वाडीतल्या सगळ्या आत्यांची आणि मावश्यांची खरी वयं आहेत, आणि मला अजून त्यांच्या घरी जेवायला जायचंय.