झरीची फेरी

मी परभणीची आहे म्हटलं की पूर्वी लोक ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ऐकवायचे. आता विचारतात, ‘तुमच्याकडं पेट्रोल सगळ्यात महाग ना?’ मार्चमध्ये पुण्याला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी नाव विचारायच्या आधी हे विचारलं.

हो, आमच्याकडंच. ६ एप्रिलला भाव चढायचे थांबले तेव्हा मुंबईत पेट्रोल १२०.५१ होतं आणि आमच्या पंपावर १२३ च्या पुढं. यात गूढ काही नाही. आमचं तेल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, टँकरनं, तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते भाडं लिटरच्या भावात मिसळतं आणि एकदा मिसळलं की राज्याचा व्हॅट त्या भाड्यावरही बसतो. मनमाडहून परभणीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण तेल येतं रस्त्यानं.

आज २ मे २०२२. उद्या रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी, त्यामुळं फेरीला सुट्टी. म्हणून लिहायला बसले. टीव्हीवर मशिदींवरच्या भोंग्यांच्या वादाशिवाय दुसरा विषय नाही.

मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दुकानदार, हातगाडीवाले, पंक्चरवाले, शिलाईकाम करणाऱ्या बायका रोज पन्नास, शंभर, दोनशे रुपये देतात, मी पुस्तकात लिहून पावती देते आणि संध्याकाळी भरणा करते. मला पगार नाही. शेकडा तीन रुपये कमिशन. गाडी माझी, पेट्रोल माझं, पावसाळ्यात बिघडणारा मोबाईलही माझाच. शहरातली लाइन म्हणजे गांधी पार्क, नानलपेठ, कच्छी बाजार, स्टेशन रोड. आणि बाहेरची लाइन जिंतूर रोडनं झरीपर्यंत.

शहरातली लाइन पायी केली तरी चालते. सगळं दुखणं झरीचं आहे.

झरी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आसपास पडते. माझी स्कूटी जुनी आहे, पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे एका फेरीला लिटरला थोडं कमी पेट्रोल लागतं. झरीत आणि वाटेवरच्या फाट्यांवर मिळून रोजची तीन हजारांच्या आसपास पिग्मी व्हायची. तिचं कमिशन नव्वद रुपये. २०२० च्या लॉकडाऊनआधी आमच्याकडं पेट्रोल ऐंशीच्या आसपास होतं, तेव्हा फेरीचा खर्च सत्तरएक रुपये. वीस रुपये उरायचे. वीस रुपयांसाठी कोण चाळीस किलोमीटर जातं, असं घरातलेच विचारायचे. पण झरीतली माणसं शहरात खातं उघडायला यायची, मुदत ठेव ठेवायची, कर्ज घ्यायची; त्यातून माझी लाइन वाढायची. आता त्याच फेरीला एकशे दहा रुपये लागतात आणि कमिशन नव्वदच. म्हणजे झरीच्या लोकांचे पैसे साठवायला मी पदरचे वीस रुपये घालते.

पेट्रोल आम्ही लिटरनं घेतच नाही, रुपयांनी घेतो. ‘शंभरचं टाका’ म्हणायचं आणि आकडा शून्यावर आहे ना एवढं बघायचं. त्यामुळं भाववाढ खिशाला कळायला उशीर होतो. पूर्वी शंभरात झरी करून वर शहरातल्या दोन गल्ल्या व्हायच्या. आता शंभरात झरीहून परतसुद्धा येता येत नाही, जाम नाक्याच्या अलीकडंच गाडी हात टेकेल. (उन्हाळ्यात पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं असं आमच्याकडं सगळे छातीठोक सांगतात. टाकी जमिनीखाली असते, तिथं दुपारचे बेचाळीस अंश पोचत नाहीत. तरी पहाटे रांग असतेच. मी पण पहाटेच भरते, गर्दी नसते म्हणून.)

हे एका झटक्यात झालं नाही. मागच्या वर्षी ४ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, केंद्रानं अबकारी कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवला. त्यानंतर १३७ दिवस भाव जागचा हलला नाही. २०१७ च्या जूनपासून भाव रोज सकाळी सहाला बदलतात म्हणे. तर मग हे १३७ दिवस सकाळ झालीच नाही का? युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल भडकलं, तरी पंपावरचा आकडा ढिम्म. १० मार्चला पाच राज्यांचे निकाल लागले आणि २२ मार्चपासून सुरू झालं: ८० पैसे, पुन्हा ८० पैसे, एखाद्या दिवशी जरा कमी. सोळा दिवसांत १० रुपये. पहिल्याच दिवशी सिलिंडरही ५० रुपयांनी वर. एकदम दहा वाढवले असते तर निदान बातमी तरी मोठी झाली असती. ऐंशी पैशांवर कोण भांडणार? पंपावर तर सुट्टे ऐंशी पैसे कुणी परतही देत नाही.

आणि कर. २०२० च्या मे महिन्यात जगात तेलाचा भाव मातीमोल झाला होता. तेव्हा केंद्रानं एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. पंपावरचा भाव वाढला नाही म्हणून कुणाला कळलंही नाही. स्वस्ताई यायची ती वाटेतच अडली. आजही लिटरमागं २७.९० रुपये केंद्राचा अबकारी आहे. त्यावर राज्याचा पंचवीस टक्के व्हॅट आणि वर अधिभार. त्या अधिभारात २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावानं लावलेले दोन रुपयेही आले. दुष्काळ आमच्या मराठवाड्याचाच होता. तेव्हापासून चांगले पावसाळे झाले, गेल्या वर्षी तर पिकं वाहून गेली, तरी अधिभाराचा पाऊस काही कमी झाला नाही.

परवा २७ एप्रिलला पंतप्रधान म्हणाले की महाराष्ट्रासारख्या राज्यांनी व्हॅट कमी केला नाही. मुख्यमंत्र्यांनी लगेच उत्तर दिलं की केंद्राकडं राज्याचे साडेसव्वीस हजार कोटी थकलेत. मला दोघांचंही खरं वाटतं, हीच अडचण आहे. कर्नाटकानं नोव्हेंबरमध्येच सात रुपये उतरवले. देगलूर-उदगीरकडच्या ट्रकवाल्यांना विचारा, टाकी कुठं फुल्ल करतात ते. डिझेल सीमेपलीकडं दहा रुपयांनी स्वस्त. परभणीहून मात्र सीमा लांब आहे, तिथं जाईपर्यंतच फायदा जळून जातो.

माझ्या लाइनवर बसून एक गोष्ट मात्र दिसते, जी टीव्हीवरच्या चर्चेत कुणी बोलत नाही. भाववाढ सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याला ती पुढच्याच्या गळ्यात घालता येते तो सुटतो. कच्छी बाजारातले केळीवाले चाचा सरळ म्हणतात, ‘गाडी का किराया बढ गया ताई, मैं क्या करूँ,’ आणि डझनाला पाच रुपये चढवतात. छोटा हत्तीवाल्यानं खेपेचे शंभर वाढवले, कापड दुकानदारानं ते मालात टाकले. ट्रॅक्टरवाले नांगरटीचे एकरी दोन-तीनशे जास्त मागतायत; मे महिना आहे, शेतकरी देणारच, न देऊन सांगतो कुणाला. शेअर रिक्षानं दहाचे पंधरा केले. सुट्टे पाच नसतात, म्हणून खरं तर वीसच.

साखळीच्या शेवटी जे उरतात त्यांना पुढं कुणीच नसतं. शेतकऱ्याला हमालीपासून नांगरटीपर्यंत सगळं वाढलेलं द्यायचं आणि माल विकताना भाव व्यापाऱ्याचा. घरपोच दूध घालणाऱ्याला डेअरीचा दर. औषधाच्या पिशव्या पोचवणाऱ्या पोराला ठरलेला पगार. आणि मला शेकडा तीन. माझे धाकटे दीर ठाण्यात रिक्षा चालवतात. १ एप्रिलला राज्यानं गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला आणि सीएनजी ६६ वरून ६० झाला, तेव्हा त्यांनी हौसेनं फोन केला होता. महिना सरायच्या आत तोच ७६ झाला. मीटर अजून २१ रुपयांवर, गेल्या वर्षीच्या मार्चपासून. आता ते फोनवर सीएनजीचा विषय काढत नाहीत.

पिग्मीच्या पुस्तकात हे सगळं उतरतं. एप्रिलमध्ये शंभर देणारे पन्नासवर आले. स्टेशन रोडचा रिक्षावाला ‘आज नका लिहू ताई, उद्या दोन दिवसांचे देतो’ म्हणतो. उद्या एकाच दिवसाचे देतो आणि मी काही बोलत नाही. सणासाठी म्हणून खाती मोडणारे दरवर्षी असतातच, यंदा काहींनी ईदचं नाव सांगितलं आणि पैसे गाडीच्या हप्त्याला गेले. मी त्याच गल्लीत फिरते, कळतंच.

झरीला मी आता रोज जात नाही, आठवड्यातून दोनदा जाते. हिशोबानं बरोबर आहे, पण पिग्मीचा सगळा खेळ रोजच्या येण्यात आहे. संध्याकाळी पुस्तक घेऊन समोर बाई उभी राहिली की माणूस गल्ल्यातून शंभर काढतो. चार दिवसांनी उभी राहिली तर चारशे काढत नाही, दीडशे काढतो. बाकीचे तेवढ्यात संपलेले असतात. फाट्यावरची चहावाली मावशी, पन्नास रुपये रोज टाकायची, तिनं गेल्या आठवड्यात खातंच बंद केलं. ‘तू येत न्हाईस, पैसा टिकत न्हाई,’ म्हणाली. तिच्याकडं गाडी नाही, आयुष्यात तिनं कधी पेट्रोल भरलेलं नाही. पेट्रोलच्या भावानं कुणाचं काय गेलं याची यादी करणाऱ्यांनी तिला कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरवावं.

पतसंस्थेत मी पेट्रोल भत्त्याचा विषय काढला. साहेब म्हणाले, सगळ्याच एजंटांना द्यावा लागेल, भाव उतरले की बघू. भाव उतरले तर मग भत्ता कशाला लागेल? तेच पुढं म्हणाले की लोकांना फोनवरून पैसे टाकायला सांगा, तुमची चक्कर वाचेल. वाचेल, कमिशनही वाचेल.

एसटी सुरू झाली आहे हे त्यातल्या त्यात बरं. संप नोव्हेंबरपासून चालला, कोर्टानं २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं तेव्हा गाड्या पुन्हा दिसायला लागल्या. तिकीटही डिझेलच्याच पायी गेल्या ऑक्टोबरमध्ये सतरा टक्के वाढलंय. झरीचं साधारण पस्तीस, जाऊन-येऊन सत्तर. कमिशन नव्वद. म्हणजे पुन्हा ते जुने वीस रुपये उरतात, फक्त अर्धा दिवस स्टँडवर जातो. परवा, बुधवारी, सकाळच्या गाडीनं जाऊन बघते. चहावाल्या मावशीला नवीन खात्याचा फॉर्म पण न्यायचा आहे.