डीडब्ल्यूएमच्या पट्टीवरची वेलांटी
प्रुफं तपासायचं माझं सगळं काम डीडब्ल्यूएमवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडून देणाऱ्या प्रोग्रामवर चालतं. डावीकडे मोठ्या जागेत मजकूर, उजवीकडे एकाखाली एक पीडीएफ आणि शब्दकोश. नवी खिडकी उघडली की ती मोठ्या जागेत येते, बाकीच्या आपोआप उजवीकडे सरकतात. ऑल्ट-एंटर दाबलं की हवी ती परत मोठ्या जागेत. माऊसला हात क्वचितच लागतो, मनगटाला खरंच आराम आहे.

२००६पासूनचा हा प्रोग्राम २००० ओळींच्या आत ठेवायचा, असा कर्त्यांचा नियमच आहे. सेटिंगचा मेनू नाही. कॉन्फिग डॉट एच ही कोडमधली सेटिंगची फाइल बदलायची आणि पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे कोडमधून प्रोग्राम नव्याने बनवायचा. सगळा कोड वाचून समजण्याएवढा आहे, म्हणून मला तो फार आवडतो.

एक गोष्ट मात्र चांगलीच खटकते. उघड्या खिडकीचं नाव वरच्या पट्टीवर दिसतं. तिथली अक्षरं एक्सएफटी ही फॉन्ट दाखवणारी लायब्ररी काढते आणि तिला देवनागरीची जुळणी येत नाही. ‘किल्ला’ नावाची फाइल उघडली की वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर बसते, जोडाक्षरही सुटतं. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, हार्फबझ ही अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी जोडावी लागते. एसटी नावाच्या टर्मिनलसाठी, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीसाठी, तसा पॅच (कोडमध्ये घालायचा बदल) आहे. पट्टीलाही तो जोडायला हवा. फाइलींची मराठी नावं मी रोमनमध्ये लिहिणार नाही.