अक्षतांची खिचडी का झाली

मागच्या संक्रांतीच्या वेळी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पुण्याला मावशीला पाठवला. तिचं सगळं बालपण सोलापुरातलं, आता गुडघ्यांमुळं यात्रेला येणं होत नाही, म्हणून दरवर्षी मी काहीतरी पाठवतोच. यंदा जागा पण मस्त मिळाली होती, सम्मती कट्ट्याच्या (तिथं लग्नाची सम्मती वाचतात) बाजूला बॅरिकेडवर कोपर टेकवून उभा होतो, समोर सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की चारी बाजूंनी अक्षता. फोनमध्ये बघितला तर झकास होता. दहा मिनिटांनी मावशीचा फोन, "काय रे हे, तांदूळ कुठायत? मला तर नुस्तं पिवळं धुकं दिसतंय. कॅमेऱ्याची काच तरी पुसत जा की."

आता मी वीसेक वर्षं लग्नाचं शूटिंग करून पोट भरतोय, आणि मला काच पुसायला सांगतीये.

ॲपवर जाऊन तिला गेलेला व्हिडिओ उघडला तर ती बरोबर होती. पहिली पाच सेकंद ठीक, अक्षता उडाल्या की सगळी खिचडी, चौकोन-चौकोन, बाराबंदी कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं कळेना. माझी मूळ फाइल ऐंशी एमबीची होती, मेसेजिंग ॲपनं तिची सहा एमबी करून पाठवली होती. शिव्या घालून झाल्यावर म्हटलं हिशोब तरी करून बघू. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर पिक्सेल, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा असे तीन बाइट, म्हणजे एक फ्रेम बासष्ट लाख बाइट. सेकंदाला तीस फ्रेम. चाळीस सेकंदांचे झाले जवळपास साडेसात जीबी! म्हणजे माझ्या फोननंच आधी साडेसात जीबीचे ऐंशी एमबी केले होते आणि तेव्हा मला काही टोचलं नव्हतं. ॲपनं फक्त वरची चटणी पण पुसून घेतली.

हे होतं कसं, हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते कुठल्या व्हिडिओवरून नाही, आमच्या पूर्व भागातल्या एका अण्णांमुळं. जकार्ड मागाची कार्डं पंच करायचे ते, चादरीची डिझाइन ग्राफच्या कागदावर रंगवायची आणि मग एकेक धाग्याच्या ओळीसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची. लहानपणी मी विचारलं होतं की अण्णा ह्या कार्डात मोर कुठंय, तर ते म्हणाले, "कार्डात मोर नसतो बे, मोर कसा विणायचा ते असतं." व्हिडिओ फाइलचं अगदी हेच आहे. फाइलमध्ये चित्रं नसतात, चित्र कसं उभं करायचं त्याच्या सूचना असतात. फ्रेमचे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनाला सांगायचं की मागच्या फ्रेममधला हा तुकडा उचल, चार घरं उजवीकडं सरकव, इथं चिकटव. मग जो थोडा फरक उरतो तेवढाच लिहायचा. नंदीध्वज हळूहळू डोलतोय, मागं मंदिर जागचं हलत नाहीये, असल्या सीनमध्ये लिहायला जवळजवळ काही उरतच नाही.

आणि अक्षता? हजारो दाणे, प्रत्येक वेगळ्या दिशेनं, वेगळ्या वेगानं, आणि मागच्या फ्रेममध्ये त्या चौकोनासारखं दिसणारं काहीच नाही. कुठून उचलायचं आणि कुठं सरकवायचं? सगळंच नव्यानं लिहावं लागतं आणि लिहायला जागा दिलेली सहा एमबी. लग्नात पण बघा, मंगलाष्टकं चालू असताना चित्र स्वच्छ असतं आणि ‘शुभमंगल सावधान’ला, म्हणजे ज्याच्यासाठी पार्टीनं पैसे दिलेत नेमक्या त्या क्षणाला, चित्र फुटतं.

व्हीसीडीच्या काळात तर विचारूच नका. तेव्हा व्हिडिओ दाबून लहान करायची एमपेग-१ ही पद्धत होती, ३५२ बाय २८८ चं चित्र आणि सेकंदाला साधारण ११५० किलोबिट, त्यात नवरदेवाचे काका वरातीत नाचले की काकांच्या जागी रंगीत फरशा नाचायच्या. एका सीडीत ७४ मिनिटं, म्हणजे एक लग्न तीन सीड्यांत, आणि तिसरी सीडी कधीच कुणी बघायचं नाही.

तो उरलेला फरक लिहितात कसा, ती गोष्ट मला लै आवडते. बेंगळुरूमध्ये जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते, १९७२ ला त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडं एका कल्पनेवर काम करायला पैसे मागितले, आणि तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की हे फारच साधं आहे, पैसे मिळाले नाहीत. ती कल्पना म्हणजे डीसीटी, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी पेपर छापला. चौकोनातले पिक्सेल जसेच्या तसे लिहायच्या ऐवजी मोठ्या-छोट्या लाटांची बेरीज म्हणून लिहायचे, मोठ्या लाटा नीट ठेवायच्या आणि ज्या बारीक लाटा डोळ्याला फारशा कळत नाहीत त्या राउंड करून टाकायच्या, बऱ्याचशा शून्यच होतात. आपला जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळं ह्याच्यावर. पुढं एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या नंतरच्या स्टँडर्डमध्ये, त्याच डीसीटीचं पूर्णांकातलं रूप घेतलं, कारण दशांशाचा हिशोब प्रत्येक मशीन किंचित वेगळा करायचं आणि तो फरक साठत जाऊन चित्र हळूहळू भरकटायचं. (अक्षतांचा दाणा म्हणजे सगळ्या बारीक लाटाच. राउंड केला की संपला.)

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. मला इतकी वर्षं वाटायचं की एच.२६४ म्हणजे व्हिडिओ दाबायची ठरलेली पद्धत, सगळीकडं सारखीच. तसं नाहीये! स्टँडर्डमध्ये फक्त एवढंच पक्कं केलेलं असतं की फाइल कशी लिहिलेली असावी आणि ती वाचून चित्र कसं उभं करायचं. दाबायचं कसं, ते ज्याचं त्यानं बघावं. अण्णांच्या भाषेत, कुठल्या भोकाला कुठला धागा वर उचलायचा हे मागाचं ठरलेलं, पण कार्ड कसं पंच करायचं ही पंच करणाऱ्याची कला. म्हणून एकाच एच.२६४ मध्ये एकाचा व्हिडिओ काचेसारखा आणि दुसऱ्याचं पिठलं. आणि म्हणूनच २००३ च्या स्टँडर्डचे एन्कोडर, म्हणजे दाबणारी सॉफ्टवेअरं, पुढची कितीतरी वर्षं सुधारत राहिले आणि लोकांना जुने प्लेअर फेकून द्यावे लागले नाहीत. माझ्या केसमध्ये माग चांगला होता, कार्डवाल्यानं घाई केली.

मग हे ठरवतं कोण? दोन घरं आहेत. एक जिनिव्हाचं आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, टेलिफोनवाल्यांचं, त्यांनी एच.२६१ आणलं आयएसडीएन म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनवरच्या व्हिडिओ कॉलसाठी. दुसरं आयएसओ-आयईसी ह्या जागतिक स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थांचं एमपेग, जे १९८८ मध्ये लिओनार्दो क्यारिल्योने ह्या इटालियन इंजिनिअरनं आणि जपानच्या हिरोशी यासुदांनी उभं केलं. डीव्हीडीचं एमपेग-२, एच.२६४, एच.२६५, एच.२६६, ही सगळी दोन्ही घरांनी मिळून केलेली. म्हणून तर एकाच पोराची दोन नावं असतात, आयटीयू म्हणणार एच.२६५ आणि आयएसओच्या कागदावर एचईव्हीसी. शाळेतलं नाव आणि घरातलं नाव.

काम चालतं ते असं. आधी जाहीर करायचं की आम्हाला तेवढ्याच क्वालिटीला निम्मा डेटा पाहिजे, कुणाकडं काय आहे ते आणा. एच.२६५ च्या वेळी एप्रिल २०१० मध्ये ड्रेस्डेनला सत्तावीस प्रस्ताव आले होते. ते सगळे सारख्याच टेस्ट व्हिडिओंवर चालवायचे, माणसं बसवून डोळ्यांनी पण बघायचं, आणि त्यातलं चांगलं-चांगलं वेचून एक कच्चं मॉडेल करायचं. मग एकेक छोटी सुधारणा. एखादी कंपनी येणार आणि म्हणणार आमच्या ह्या टूलनं अर्धा टक्का डेटा वाचतो. अर्धा टक्का! पण तिचा शब्द कुणी धरत नाही, दुसऱ्या कंपनीनं, बऱ्याचदा धंद्यात जी विरोधात आहे तिनं, तोच कोड स्वतःच्या मशीनवर चालवून तेच आकडे येतायत का ते सांगायचं, त्याला क्रॉसचेक म्हणतात. आणि वाचलेल्या टक्क्याबरोबर डिकोडर, म्हणजे फाइल वाचून चित्र उभं करणारा, किती हळू झाला ते पण मांडायचं, कारण तो शेवटी तुमच्या-माझ्या फोनची बॅटरी खाणार असतो. टक्के मोजायची पद्धत नॉर्वेच्या गिस्ले ब्यॉन्टेगार्डची, २००१ ची, ती अजून चालू आहे. आपल्याकडं दोन सख्खे भाऊ एकमेकांचा हिशोब असा तपासत नाहीत.

टेस्ट व्हिडिओंची पण यादी ठरलेली असते, किमोनोवाली बाई, फिरणारा कॅक्टस, रेसचे घोडे, बास्केटबॉल. माझं म्हणणं आहे अक्षता सोहळा त्यात घाला, कुणाचा अर्धा टक्का खरा ते लगेच कळेल.

बैठकीत हात वर करून मतदान शक्यतो करत नाहीत, ठाम विरोध कुणाचा उरत नाही तोवर बोलत राहतात. आयएसओच्या बाजूला शेवटी देशोदेशींच्या संस्था मत देतात, आपल्याकडून बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. आणि आयटीयूत मजकूर तयार झाला की त्या टप्प्याला म्हणतात ‘कन्सेंट’. एच.२६५ ला जानेवारी २०१३ मध्ये कन्सेंट मिळाली, हरकतींना वेळ दिला, एप्रिलमध्ये मंजूर. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. कन्सेंट म्हणजे सम्मती की ओ! आमच्याकडं सम्मती वाचून झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, त्यांच्याकडं पण नाही. फक्त आमचा मुहूर्त चुकत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या कमिट्या ठरवत नाहीत, ती म्हणजे पेटंटचे पैसे. लायसन्स वाजवी अटींवर देणार की नाही एवढं जाहीर करायला सांगतात, रेट बाहेर. एच.२६५ चे पेटंटवाले वेगवेगळ्या पूलमध्ये, म्हणजे एकत्र लायसन्स विकणाऱ्या गटांमध्ये, वाटले गेले, काही कुठल्याच पूलमध्ये नव्हते, आणि ह्याच गोंधळात २०१५ ला काही मोठ्या कंपन्यांनी वेगळी चूल मांडली, रॉयल्टी नसलेलं एव्ही१ हे स्टँडर्ड त्यांनी २०१८ ला काढलं. एच.२६६ जुलै २०२० मध्ये, करोनात ऑनलाइन बैठका घेऊन पूर्ण झालं, पण माझ्याकडं अजून एकाही पार्टीनं त्यातली फाइल मागितलेली नाही.

मावशीचं राहिलंच. मूळ फाइल आणि बाकीचं दोन तासांचं शूटिंग पेनड्राइव्हवर टाकून कुरिअर केलं. तिच्या टीव्हीनं सांगितलं फाइल सपोर्ट होत नाही. अर्थातच, फोननं एच.२६५ मध्ये घेतलेलं आणि टीव्ही जुना. मग सगळं एच.२६४ मध्ये बदललं, ते सात जीबी भरलं, पेनड्राइव्हचा फॉरमॅट असा की एक फाइल चार जीबीच्या वर घेईना, म्हणून दोन तुकडे केले, आणि दुसरा पेनड्राइव्ह पाठवला. परवा रात्री साडेदहाला फोन आला.

"अरे, ती अक्षता टाकणारी माणसं आहेत ना, त्यात डावीकडं खांबाजवळ उभाय तो आपला बाळू का? मग तो तर म्हणला होता सुट्टी नाही म्हणून."