बॅकटेस्टचा डेटा आपल्या डिस्कवर का असावा

ट्रेडिंग सिस्टीम जुन्या भावांवर तपासताना, म्हणजे बॅकटेस्ट करताना, डेटा दर वेळी तो पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवावा की एकदाच उतरवून घ्यावा, याचा विचार बहुतेक जण वेग आणि जागा एवढ्यापुरताच करतात. जागेची अडचण मुळात मोठी नाही. एनएसईचे व्यवहार सव्वानऊ ते साडेतीन चालतात, म्हणजे एका शेअरच्या दिवसाला एक मिनिटाच्या ३७५ कँडल होतात (कँडल म्हणजे त्या मिनिटाचा पहिला, सर्वोच्च, नीचांकी आणि शेवटचा भाव असलेली एक ओळ). निफ्टीतील पन्नास शेअरांच्या वर्षभराच्या ओळी पन्नास लाखांच्याही आत राहतात आणि साध्या लॅपटॉपवर सहज मावतात.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की आजची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा चालवली तर तेच आकडे यायला हवेत. सर्व्हरवरील इतिहास मात्र बदलत राहतो. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्सचा भाव एकास एक बोनसमुळे (प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर) निम्म्यावर आला आणि समायोजित, म्हणजे बोनस-विभाजनाच्या प्रमाणात जुने भाव बदलून देणाऱ्या सर्व्हरवर मागील सर्व वर्षांचे भावही निम्मे झाले. हे समायोजन हवेच, अन्यथा सिस्टीम त्याला पन्नास टक्क्यांची घसरण समजून स्टॉपलॉसच्या, म्हणजे तोटा थांबवण्याच्या नियमाने शेअर विकून टाकेल. पण मूळ भाव हाताशी नसेल, तर त्याचे दुष्परिणाम लक्षातही येत नाहीत.

आयशर मोटर्सचेच पाहा. ऑगस्ट २०२०मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा झाला, म्हणजे विभाजन होऊन एकाचे दहा शेअर झाले. त्यामुळे समायोजित डेटावर दहा हजारांच्या भांडवलाने २०१८ मधला आयशर खुशाल विकत घेता येतो, प्रत्यक्षात तेव्हा एका शेअरलाच वीस हजारांहून अधिक मोजावे लागत. ‘पन्नास रुपयांखालील शेअर निवडा’ ही अट तर याहून घातक, कारण पुढे वाढून ज्यांचे बोनस आणि विभाजन झाले, तेच शेअर मागे स्वस्त दिसतात आणि भविष्य गुपचूप चाचणीत शिरते.

म्हणून मी एनएसईच्या रोजच्या भावकॉपी (बाजार दिवसअखेर देतो त्या भावांच्या फाइली) जशाच्या तशा साठवतो, बोनस व विभाजनाची एक्स-डेट (ज्या दिवसापासून भाव बदलतो ती तारीख) आणि गुणोत्तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, आणि समायोजन चाचणीच्या वेळीच करतो. भावकॉपीत त्या दिवशी व्यवहार झालेले सगळे शेअर असतात, त्यामुळे घोटाळ्यानंतर जानेवारी २००९ मध्ये निफ्टीतून बाहेर पडलेली सत्यम कंपनीही त्यात सापडते. आजच्या पन्नास नावांवर मागची पंधरा-वीस वर्षे तपासणाऱ्यांना ती कधी भेटतच नाही. (कोणत्या दिवशी निर्देशांकात कोण होते, ही यादी अर्थातच निराळी जमवावी लागते.)

सर्व्हरकडून मी फक्त रोजच्या मिनिट-कँडल घेतो आणि त्या भावकॉपीशी ताडून पाहतो. भावकॉपीतील बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांची भारित सरासरी असतो, तर साडेतीनची कँडल शेवटच्या सौद्यावर संपते, तेव्हा दोहोंत थोडा फरक पडणारच. जुन्या तारखांना मात्र सलग एकाच पटीचा फरक दिसला, तर तिकडे समायोजन झाले आहे असे समजून मी माझी बोनस-विभाजनाची फाइल उघडतो.